प्लासीच्या आधी विजयदुर्ग: ॲडमिरल वॉटसन कोण होता आणि आंग्र्यांचं आरमार कसं जळालं

‘पेशव्यांनी आपल्याच हातांनी मराठ्यांचं आरमार बुडवलं’ हे वाक्य आपल्याकडे लहानपणापासून कानांवर पडतं. विजयदुर्गला गेलात तर ते हमखास ऐकायला मिळेल. वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. ते आरमार बुडालं नाही, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गला जळालं. आणि ज्या तोफांनी ते जाळलं त्या पेशव्यांच्या नव्हत्या. त्या इंग्रजी काफिल्यातल्या होत्या आणि त्याचा सेनापती होता इंग्लंडच्या राजाच्या आरमारातला रियर ॲडमिरल चार्ल्स वॉटसन. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला जेमतेम एखादी ओळ मिळते. कारण पुढच्याच वर्षी बंगालमध्ये जे घडलं, त्याचं सगळं श्रेय रॉबर्ट क्लाइव्हच्या नावावर जमा झालं. माझं म्हणणं असं, की प्लासी समजून घ्यायची तर आधी विजयदुर्ग समजून घ्यावा लागतो आणि विजयदुर्ग समजून घ्यायचा तर हा वॉटसन.

त्याचा जन्म १७१४ चा, लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातला. वडील धर्मोपदेशक. मामा मात्र मोठा माणूस, सर चार्ल्स वेजर, जो पुढे इंग्लंडच्या आरमार खात्याचा प्रमुख झाला. वॉटसन १७२८ मध्ये, चौदाव्या वर्षी आरमारात शिरला. मामाच्या वशिल्याने बढत्या लवकर मिळाल्या हे उघड आहे, पण माणूस नुसत्या वशिल्यावरचा नव्हता. १७४७ मध्ये फिनिस्टेर भूशिराजवळ फ्रेंचांशी दोन मोठ्या लढाया झाल्या. त्या दोन्हींत तो एका युद्धनौकेचा कप्तान होता आणि चांगला लढला. नंतर काही काळ न्यूफाउंडलंडचा गव्हर्नर. १७५४ मध्ये त्याला हिंदुस्थानकडे धाडलं, ते आंग्र्यांसाठी नव्हे. दक्षिणेत इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांची झुंज चालू होती, तिथे कंपनीच्या पाठीशी राजाचं आरमार उभं करायचं होतं.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढची अर्धी गुंतागुंत त्यातूनच निर्माण होते. ईस्ट इंडिया कंपनीचं स्वतःचं आरमार मुंबईत होतं. ते लहान, व्यापारी जहाजांची राखण करण्यापुरतं. वॉटसनचं आरमार राजाचं. तो कंपनीचा नोकर नव्हता आणि कंपनीच्या गव्हर्नरला त्याला हुकूम सोडता येत नव्हता, फक्त विनंती करता येत होती.

तो मुंबईला आला त्यामागे हवामान आणि सुतारकाम अशी दोन कारणं होती. कोरोमंडल किनाऱ्यावर वर्षअखेरीच्या वादळांत मोठ्या जहाजांना आसरा घ्यायला धड बंदर नाही. शिवाय लाकडी जहाजाच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटतात, लाकूड किडे पोखरतात आणि जहाज मंदावतं. ते साफ करायला पाणी उपसता येईल अशी सुकी गोदी लागते, आणि ती नुकतीच, १७५० च्या सुमारास, मुंबईत तयार झाली होती. नोव्हेंबर १७५५ मध्ये वॉटसनचा काफिला मुंबईत दाखल झाला. त्याच सुमारास क्लाइव्हही इंग्लंडहून सैनिक घेऊन मुंबईत उतरला होता. मराठ्यांच्या मदतीने दख्खनमधल्या फ्रेंचांवर चालून जायचं असा मूळ बेत होता. तो फसला, कारण दक्षिणेत दोन्ही कंपन्यांचा तह झाला होता. आता मुंबईत राजाचं आरमार होतं, सैन्य होतं, सेनापती होते आणि हाताला काम नव्हतं. मुंबईच्या इंग्रजांकडे मात्र एक जुनं काम पडून होतं.

आंग्रे ‘चाचे’ होते का?

इंग्रजांच्या कागदपत्रांत आंग्रे म्हणजे चाचे, समुद्रावरचे दरोडेखोर. हा आरोप समजून घेण्यासारखा आहे. कान्होजी आंगरे हे छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचा असा त्यांचा दंडक होता. दस्तक असेल तर जहाज निर्धास्त, नसेल तर ते पकडलं जाणार. ही रीत कान्होजींनी काढलेली नव्हती. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत आले होते आणि इंग्रजही आपले परवाने देत होते. भांडण हक्काचं होतं. किनारा आमचा, तेव्हा परवाना आमचा, असं आंग्र्यांचं म्हणणं. समुद्र कुणाचा नाही, असं म्हणणाऱ्या इंग्रजांनी त्याच समुद्रावर स्वतःचे परवाने चालवले. म्हणून ‘चाचे’ हा शब्द मी इथे वापरणार नाही. तो एका बाजूने दुसरीवर मारलेला शिक्का आहे.

कान्होजी हयात असताना इंग्रजांनी हा प्रश्न तोफांनी सोडवायचा प्रयत्न वारंवार केला. १७१७ मध्ये विजयदुर्गवर हल्ला झाला, तो फसला. १७२० मध्ये खास बांधलेला तरंगता तोफखाना घेऊन ते पुन्हा आले, पुन्हा फसले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन अलिबागकडे मोर्चा वळवला. त्या वेळी राजाच्या आरमाराची जहाजंही होती, तरी नामुष्कीच पदरी आली. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गवर नशीब आजमावलं आणि तेही परतले. यातून विजयदुर्गची एक ख्याती तयार झाली. इंग्रज त्याला घेरिया म्हणत आणि तो अजिंक्य आहे असं मुंबईत सगळे धरून चालत.

१७२९ मध्ये कान्होजी गेले आणि मुलांमध्ये वाटण्यांवरून कलह सुरू झाला. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेला. संभाजींनंतर, १७४० च्या दशकात, सुवर्णदुर्ग-विजयदुर्गचा पट्टा तुळाजींकडे आला. तुळाजी धाडसी होते. १७४९ मध्ये त्यांनी कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ हे मोठं लढाऊ जहाज पकडलं आणि स्वतःच्या ताफ्यात घेतलं. या जहाजाचं नाव ध्यानात ठेवा. १७५४ मध्ये त्यांनी डचांच्या जहाजांनाही धूळ चारली. मात्र ते पेशव्यांना जुमानत नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या दृष्टीने ते बंडखोर सरदार, तर तुळाजींच्या दृष्टीने सरखेली छत्रपतींनी दिलेली होती, पेशव्यांनी नव्हे. पेशव्यांच्या विरोधात असलेल्या ताराबाईंच्या बाजूने त्यांचा कल असल्याने ही दरी वाढत गेली.

मार्च १७५५ मध्ये नानासाहेबांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. समुद्रावरची बाजू इंग्रजांनी सांभाळायची, जमिनीवरून मराठी फौज येणार, आणि मोबदल्यात इंग्रजांना बाणकोट व काही गावं. एप्रिलमध्ये कंपनीच्या आरमाराच्या विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग काही दिवसांतच घेतला. उरला विजयदुर्ग.

इतके दिवस पडला नाही, मग दोन दिवसांत कसा पडला?

याचं उत्तर जहाजांच्या बांधणीत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आंग्र्यांच्या ताफ्यात मुख्यतः दोन प्रकारची जहाजं. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं, उथळ बुडाचं. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि खाली झुकलेली, आणि तिथून सरळ पुढे मारा करणाऱ्या दोन जड तोफा. गलबत त्याहून लहान आणि हलकं, त्याला चाळीस-पन्नास वल्ही, वर छोट्या फिरत्या तोफा आणि लढवय्ये. वारा पडला की युरोपीय जहाज जागच्या जागी डोलत राहतं. तेव्हा गलबतं वल्ह्यांनी गुराबा ओढत त्याच्या पिछाडीला आणायची, जिथे त्याच्या तोफा पोहोचत नाहीत. गुराबांनी शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या. जहाज लंगडं झालं की गलबतांतली माणसं चारी बाजूंनी चढायची. किनाऱ्यालगत, खाड्यांच्या तोंडाशी, एकट्यादुकट्या जहाजाविरुद्ध हे तंत्र फार प्रभावी होतं. किनाऱ्याची जाण असलेल्या माणसांनी किनाऱ्यासाठीच घडवलेलं ते युद्धशास्त्र होतं. मला त्याचा अभिमान वाटतो.

वॉटसनची जहाजं वेगळ्याच कामासाठी बांधलेली होती. ‘केन्ट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’, ‘सॅलिसबरी’ यांच्यावर पन्नासपासून सत्तरच्या आसपास तोफा, दोन मजल्यांवर, दोन्ही कुशींना रांगेने मांडलेल्या. असं जहाज आडवं उभं राहिलं की एका कुशीच्या सगळ्या तोफा एकदम धडाडतात. अशी जहाजं एकामागे एक रांगेत उभी राहिली की कुणाचीच पिछाडी उघडी पडत नाही. मग गुराबेच्या त्या दोन तोफा आणि गलबताची चपळाई यांना वाव उरत नाही. पूर्वी आलेल्यांकडे असं एखाददुसरं जहाज असेलही, पण अशी रांग नव्हती.

दुसरी गोष्ट उखळी तोफांची. साधी तोफ सरळ मारा करते आणि तिचा गोळा भिंतीवर आदळतो. विजयदुर्गची तिहेरी तटबंदी अशा गोळ्यांना दाद देत नव्हती. उखळी तोफ गोळा उंच उडवते आणि तो तटावरून आत पडतो. हा गोळा कुलपी, म्हणजे आत दारू भरलेला पोकळ गोळा. पेटती वात आत पोहोचली की फुटतो आणि आग लावतो. वॉटसनबरोबर खास अशा तोफांसाठी बांधलेली लहान जहाजं होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वॉटसनने किल्ल्याच्या ख्यातीवर विश्वास ठेवला नाही. डिसेंबर १७५५ मध्येच जेम्स पुढे जाऊन वाघोटण खाडीच्या तोंडाशी पाण्याची खोली मोजून आला होता. मोठी जहाजं किल्ल्याच्या अगदी जवळ नेता येतील इतकं पाणी तिथे आहे, आणि जागा ऐकली होती तितकी बिकट नाही, असं त्याने कळवलं. आधीच्या मोहिमांत अंदाज आणि भीती यांवरच बराच भार होता. या वेळी हातात मोजमाप होतं.

७ फेब्रुवारी १७५६ रोजी काफिला मुंबईहून निघाला आणि ११ तारखेला विजयदुर्गसमोर आला. तुळाजी तोवर किल्ल्यात भावाला ठेवून मराठी छावणीत बोलणी करायला गेले होते. जमिनीवर रामाजी महादेव यांची फौज होती. वाटाघाटीत किल्ला पेशव्यांकडे जाईल, मग आपल्या हाती काय लागणार, ही इंग्रजांची चिंता होती. म्हणून घाई झाली.

१२ तारखेला दुपारी वॉटसनची जहाजं दोन रांगांनी खाडीत शिरली. एक रांग किल्ल्यासमोर, दुसरी आंग्र्यांच्या ताफ्यासमोर. तुळाजींचा सगळा ताफा किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना जखडून उभा होता. खुल्या समुद्रावर जी चपळाई त्याचं बळ होती, तिचा इथे उपयोगच नव्हता. चारनंतर केव्हातरी एक कुलपी गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. सात वर्षांपूर्वी तुळाजींनी इंग्रजांकडून जिंकलेलं तेच जहाज पेटलं आणि त्याच्या ज्वाळांनी शेजारची जहाजं धरली. संध्याकाळपर्यंत गुराबा, गलबतं आणि गोदीत बांधकाम चालू असलेली मोठी जहाजं यांचा कोळसा झाला. दोन पिढ्यांनी उभं केलेलं आरमार काही तासांत संपलं.

त्या रात्री क्लाइव्ह सैन्य घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि किल्ला व मराठी छावणी यांच्या मध्ये तळ देऊन बसला. ही जागा त्याने मुद्दाम निवडली होती. तिथून मित्राच्या फौजेलाही अडवता येत होतं. १३ तारखेला पुन्हा मारा झाला आणि संध्याकाळी किल्ला शरण आला. इंग्रजांकडचे मृत आणि जखमी मिळून वीसच्या आसपास.

लुटीचा हिशेब

मुंबईहून निघण्यापूर्वीच या मंडळींनी बसून ठरवलं होतं, की लूट सापडली तर कुणाला किती, आणि त्यात मराठ्यांना वाटा द्यायचा नाही. हे वाचताना संताप येतो, पण त्यामागची व्यवस्था कळली पाहिजे. राजाच्या आरमारात पगार तुटपुंजा असे. शत्रूचा जिंकलेला माल विकून आलेला पैसा कायद्यानेच खलाशापासून ॲडमिरलपर्यंत ठरलेल्या प्रमाणात वाटला जाई. ॲडमिरल, कप्तान श्रीमंत होत ते यावर. म्हणजे मोहिमेत उतरलेल्या प्रत्येकाचा वैयक्तिक फायदा किल्ला आपल्याच हाती पडण्यात होता.

किल्ल्यात दहा लाख रुपयांच्या आसपास ऐवज मिळाला. क्लाइव्हला आरमाराच्या कप्तानाइतकाच वाटा ठरला म्हणून लष्करी अधिकारी रुसले. तेव्हा वॉटसनने फरकाची रक्कम स्वतःच्या वाट्यातून द्यायची तयारी दाखवली आणि क्लाइव्हने ती घेतली नाही. आपसांत एवढे सभ्य असणाऱ्या या माणसांनी करारातल्या भागीदाराला दारात उभं केलं नाही. किल्लाही लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये पुण्याला नवा तह झाला, बाणकोट इंग्रजांकडे कायम झालं, तेव्हा कुठे विजयदुर्ग पेशव्यांच्या ताब्यात आला.

तुळाजींचं कुटुंब किल्ल्यातच सापडलं होतं. ‘केन्ट’वर एडवर्ड आइव्ह्ज नावाचा सर्जन होता. त्याने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात एक प्रसंग आहे. वॉटसन तुळाजींच्या आईला भेटायला गेला. ती म्हणाली, रयतेला राजा उरला नाही, मला मुलगा उरला नाही, या पोरांना बाप उरला नाही. यापुढे मलाच बाप समजा, असं वॉटसन म्हणाला. तेव्हा सहा वर्षांच्या नातवाने हुंदके देत त्याचा हात धरला, ‘मग तूच माझा बाप.’ वॉटसनलाही अश्रू आवरले नाहीत, असं आइव्ह्ज लिहितो. ते अश्रू खरे असतील यावर माझा विश्वास आहे. पण त्या मुलाचा खरा बाप जिवंत होता, आणि तो उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढणार होता.

तोच काफिला, बंगालमध्ये

जून १७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कलकत्ता घेतलं. बातमी मद्रासला पोहोचली तेव्हा वॉटसन आणि क्लाइव्ह दोघेही तिकडेच होते. ऑक्टोबरमध्ये तीच जहाजं, तेच तोफची हुगळीच्या दिशेने निघाले आणि २ जानेवारी १७५७ रोजी कलकत्ता परत इंग्रजांच्या हाती आलं. लगेच दोघांमध्ये खडाजंगी झाली. किल्ला राजाच्या आरमाराने घेतला, तेव्हा ताबा माझा, असं वॉटसनचं म्हणणं. क्लाइव्ह हटेना. प्रकरण तोफा डागण्याच्या धमकीपर्यंत गेलं आणि मग तडजोड झाली.

नवाबाशी वागताना वॉटसनची भाषा मुत्सद्द्याची नव्हतीच. मार्च १७५७ मध्ये त्याने सिराजला लिहिलं, की तुमच्या मुलखात असा वणवा पेटवीन जो गंगेच्या सगळ्या पाण्यानेही विझणार नाही.

त्याच महिन्यात चंद्रनगर, फ्रेंचांचं ठाणं. आरमारी कौशल्य म्हणून पाहिलं तर ही वॉटसनची सर्वांत मोठी लढाई. फ्रेंचांनी नदीच्या पात्रात जहाजं बुडवून वाट अडवली होती. इंग्रज रात्री होड्यांतून गेले आणि मोकळी वाट शोधली. बुडालेल्या जहाजांच्या पाण्याबाहेर राहिलेल्या डोलकाठ्यांवर त्यांनी कंदील टांगले, आणि किल्ल्याच्या बाजूने ते झाकले, म्हणजे उजेड फक्त आपल्या जहाजांना दिसेल. २३ मार्चच्या पहाटे ‘टायगर’ आणि ‘केन्ट’ त्या वाटेने किल्ल्याला भिडले आणि सुमारे तीन तास तोफांची झुंज झाली. विजयदुर्गसारखं हे स्वस्तात पडलं नाही. दोन जहाजांवर मिळून शंभराहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. ‘केन्ट’च्या कप्तानाचा कोवळा मुलगा त्याच जहाजावर होता. बापलेक दोघेही जखमी झाले, मुलगा गेला. ‘केन्ट’ची इतकी चाळण झाली की ते पुन्हा समुद्रावर जाऊ शकलं नाही. पण बंगालमध्ये फ्रेंचांचं बळ संपलं, आणि त्यामुळेच तीन महिन्यांनी प्लासीला सिराजच्या मागे फ्रेंच सत्ता उभी राहू शकली नाही.

सिराजला गादीवरून काढायच्या प्लासीच्या कटात अमीचंद या व्यापाऱ्याला फसवण्यासाठी दोन करारनामे लिहिले गेले, पांढऱ्या कागदावर खरा आणि लाल कागदावर खोटा. खोट्यावर सही करायला वॉटसनने नकार दिला. क्लाइव्हने त्याची सही दुसऱ्याकडून करवून घेतली. पुढे पार्लमेंटच्या चौकशीत क्लाइव्हने ते लपवलं नाही. पुन्हा वेळ आली तर शंभरदा करीन, असंच तो म्हणाला. वॉटसनच्या नकाराचं इंग्रजी चरित्रांत कौतुक होतं. माझ्या मते ते बेतानेच व्हावं. खोट्या कागदावर सही न करणारा हा माणूस खऱ्या कागदावरच्या कटात होताच, आणि विजयदुर्गच्या वाटणीतही.

प्लासीनंतर दोन महिन्यांच्या आत, १६ ऑगस्ट १७५७ रोजी, कलकत्त्यात तापाने वॉटसन वारला. वय त्रेचाळीस. सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. १७६० मध्ये त्याच्या लहान मुलाला बॅरोनेट ही पदवी मिळाली आणि कंपनीने १७६३ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याचं भव्य स्मारक उभारलं. संगमरवरी ताडाच्या झाडांमध्ये रोमन वेशातला वॉटसन, एका बाजूला गुडघे टेकलेली कलकत्त्याची मूर्ती, दुसऱ्या बाजूला साखळदंडातला चंद्रनगरचा कैदी. तिथे घेरियाचं नाव आणि तारीखही कोरलेली आहे. कंपनीने आपल्या उदयाची सुरुवात कुठून मोजली, ते त्यावरून कळतं. त्या यादीत प्लासी नाही, कारण ती जमिनीवरची लढाई. पण ज्या तीन विजयांनी तिची वाट मोकळी केली ते समुद्राचे आणि नदीचे होते, आणि त्यांतला पहिला कोकणातला होता.

नानासाहेबांच्या दोषाबद्दल बोलायचं तर तो मला आरमार जाळण्याचा वाटत नाही. ते त्यांना हवंच होतं, जळावं अशी त्यांची इच्छा असण्याचं कारण नव्हतं. दोष हा, की घरच्या सरदाराला वठणीवर आणताना समुद्राची बाजू त्यांनी पूर्णपणे परक्याच्या हाती दिली आणि नंतर त्याला रोखायला स्वतःचं एकही मोठं जहाज जवळ ठेवलं नाही. आणि मराठी आरमार त्या दिवशी कायमचं संपलं, हेही खरं नाही. विजयदुर्ग परत आल्यावर पेशव्यांनी तिथे आरमाराचा सुभा चालवला. तो धुळप घराण्याकडे आला. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी याच किनाऱ्यावर कंपनीचं ‘रेंजर’ जहाज लढून पकडलं. किल्ला इंग्रजांकडे कायमचा गेला तो १८१८ मध्ये, पेशवाईबरोबर. मात्र मधल्या बासष्ट वर्षांत सत्तर तोफांच्या रांगेला उत्तर देईल असं जहाज विजयदुर्गच्या गोदीतून बाहेर पडलं नाही.